अक्रोड, शेंगदाणे आणि शरीरातली धग

एप्रिलात सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी ओल्या काजूंची उसळ होते. खाणाऱ्याच्या पानात ती दोन मिनिटांत संपते, पण बिया सोलणाऱ्याची अख्खी सकाळ जाते. हिरवी बी विळीवर उभी चिरायची, दोन फाका करायच्या आणि आतला गर काडीने अलगद उपसायचा. चिरताना सालीतून चीक निघतो. आजी आधी हातांना खोबरेल तेल चोपडायची, वर राख फासायची आणि मगच पाटावर बसायची. एका वर्षी मी हौसेने तशीच बसले. दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले, मग फोड आले, आणि आठवड्याभराने सापाने कात टाकावी तशी बोटांची कातडी सोलून निघाली.

तो होता दाह. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात तो, अगदी पाठ्यपुस्तकातला. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. त्या चारही माझ्या बोटांवर हजर होत्या.

गंमत बघा. ज्या बीची साल हाताची ही दशा करते, तिच्याच आतला गर हल्ली दाह कमी करणारा म्हणून विकला जातो. बदाम, अक्रोड, पिस्ते यांच्या पाकिटांवरही ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं. डायबेटिस किंवा हृदयविकार असलेल्यांचं सोडा, पण ज्याला काहीच झालेलं नाही त्या धडधाकट माणसाने रोज मूठभर बदाम-अक्रोड खाल्ले, तर त्याचा कुठला दाह कमी होणार? मुळात त्याच्या अंगात दाह असतो का?

उत्तर आधीच सांगून टाकते: असतो, थोडासा. तो कमी होतो, पण थोडा आणि सावकाश. आणि ज्या तपासणीत आपण तो शोधायला जातो, तिथे बहुतेक वेळा तो दिसतच नाही. हे असं का, ते समजायला जरा आत शिरावं लागेल.

जाळ आणि निखारा

बोटाला चीक लागला, काटा रुतला किंवा घशात जंतू शिरले की शरीर त्या जागी कुमक पाठवतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंती सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. पांढऱ्या पेशी गोळा होतात, लढतात, साफसफाई करतात आणि काम झालं की गाशा गुंडाळतात. या दाहाशी आपलं काही भांडण नाही. तो नसता तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता.

आपला विषय दुसरा आहे. गावाकडे रात्री चूल विझवली तरी राखेखाली एखादा निखारा जिवंत ठेवायची पद्धत होती. सकाळी फुंकर घातली की तो पेटायचा. वरून बघणाऱ्याला चूल थंड वाटते, हात जवळ नेला तर मंद धग लागते. शरीरातही अशी धग असू शकते. लाली नाही, सूज नाही, काही दुखत नाही, पण रक्तात दाहाचे निरोप नेणारे रेणू नेहमीपेक्षा थोडे जास्त फिरत असतात. ही धग कुठून येते? पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली चरबी हा मोठा पुरवठादार. ती नुसती साठवणीची कोठी नसते, ती रक्तात सतत रसायनं सोडत असते. शिवाय धूम्रपान, वाढलेली साखर, अपुरी झोप आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही अशा सुजलेल्या हिरड्या. वर्षानुवर्षं ही धग राहिली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास होतो आणि तिथे चरबीचे थर साचायला मदत होते. हृदयविकाराच्या गोष्टीत कोलेस्टेरॉलच्या जोडीने दाहाचं नाव येतं ते यामुळे.

धग मोजायची कशी

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माप म्हणजे सीआरपी, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूवरच्या ‘सी’ नावाच्या एका पदार्थाला ते चिकटत होतं, म्हणून हे नाव. ते तयार होतं यकृतात. शरीरात कुठेही गडबड झाली की इंटरल्यूकिन-६ नावाचा रेणू निरोप घेऊन यकृताकडे जातो आणि यकृत सीआरपी बनवायला घेतं. जोरदार जंतुसंसर्गात त्याचं प्रमाण शेकडो पटींनी वाढतं.

मंद धग मोजायला याच तपासणीचा जास्त संवेदनशील प्रकार वापरतात, एचएस-सीआरपी. हल्ली ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये तो असतोच. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर हृदयविकाराच्या दृष्टीने धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, असे ठोकताळे अमेरिकेत २००३ साली ठरले आणि तेच आपल्याकडे वापरतात. १० च्या वर आकडा आला तर आधी कुठे जंतुसंसर्ग आहे का ते बघायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. एक बारीक सूचना: काही लॅब हा आकडा डेसिलिटरमध्ये देतात. तिथला ०.३ म्हणजे इथला ३. एकक न बघता घाबरू नये, आणि खूशही होऊ नये.

या तपासणीचा एक किस्सा माझ्याच घरचा आहे. दोन वर्षांपूर्वी माझा आकडा ३.६ आला. ना डायबेटिस, ना बीपी, सिगारेटचा प्रश्नच नाही. दोन दिवस इंटरनेटवर काय काय वाचून झोप उडवून घेतली. मग लक्षात आलं की डावीकडची अक्कलदाढ महिनाभर ठणकत होती आणि तिच्याभोवतीची हिरडी सुजलेली होती. दाढ काढली, हिरडी बरी झाली, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा ०.९. या सहा आठवड्यांत मी एकही अक्रोड खाल्ला नव्हता. चावताच येत नव्हता.

आता समजा, ३.६ चा रिपोर्ट हातात पडल्यापासून मी रोज सात अक्रोड खायला लागले असते, तर? आज मी तुम्हाला अक्रोडाचे गोडवे गात असते, आणि अगदी मनापासून गात असते. साधी सर्दी, दातदुखी, आदल्या दिवशीची जोरदार पळापळ, गर्भनिरोधक गोळ्या, यातल्या कशानेही सीआरपी वर जातो. नंतर तो आपसूक खाली येतो आणि मधल्या काळात आपण जे काही करत होतो त्याला श्रेय मिळतं. एकट्या माणसाच्या अनुभवावरून काही ठरवता येत नाही ते यामुळेच. नट्स खाणारा एक गट आणि न खाणारा एक गट, दोघांची एकाच काळात तुलना करावी लागते.

माणसांवरच्या अभ्यासात काय दिसलं

नट्स म्हणजे नेमकं काय हे आधी ठरवू. मराठीत सुकामेवा म्हटलं की मनुका, खजूर, जर्दाळू सगळं त्यात येतं. इथे बोलायचं आहे ते तेलकट बियांबद्दल: बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते आणि शेंगदाणे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंगदाणा हा तूर-हरभऱ्याचा भाऊबंद, पण आहारशास्त्रज्ञ त्याला बदामाच्या पंगतीला बसवतात, कारण त्याची घडण बदामासारखीच आहे. आपल्या दृष्टीने ही बातमी चांगली आहे.

आधी मोठ्या लोकसमूहांवर नजर ठेवून केलेला अभ्यास घेऊ. अमेरिकेत परिचारिका आणि पुरुष आरोग्य कर्मचारी यांच्यावर दशकानुदशकं लक्ष ठेवणारे दोन मोठे अभ्यास आहेत. त्यातल्या ५,०१३ जणांच्या रक्ताची तपासणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा नट्स खाणाऱ्यांचा सीआरपी, कधीच न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. इंटरल्यूकिन-६ सुमारे १४ टक्क्यांनी कमी. यात शेंगदाणेही धरलेले होते.

आकडे आकर्षक आहेत, पण मेख अशी की नट्स खाणारा माणूस इतर बाबतीतही वेगळा असतो. तो बहुधा चालायला जातो, सिगारेट ओढत नाही, त्याच्या खिशात चार पैसे जास्त असतात. संशोधक गणिताने हे फरक वजा करतात, पण गणितात न मावणारं बरंच काही उरतं. म्हणून खरी परीक्षा प्रयोगात होते: चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एकाला नट्स द्यायचे, दुसऱ्याला नाही.

असा एक छोटा पण नेटका प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी प्रौढ माणसं फक्त २५, पण प्रत्येकाने आळीपाळीने तीन प्रकारचा आहार घेतला: बदामाशिवाय, दिवसाच्या दहा टक्के उष्मांक बदामातून आणि वीस टक्के बदामातून. प्रत्येक आहार चार आठवडे. बदामाच्या दोन्ही आहारांत सीआरपी कमी आढळला. पण दुप्पट बदामांनी दुप्पट फायदा झाला असं काही सीआरपीत दिसलं नाही, आणि इंटरल्यूकिन-६ तर जागचं हललंही नाही.

मोठा प्रयोग म्हणजे ‘वाहा’. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा अशा दोन ठिकाणी साधारण ६३ ते ७९ वयाचे ७०८ ठणठणीत ज्येष्ठ नागरिक त्यात घेतले. अर्ध्यांनी दोन वर्षं रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड खाल्ले, अर्ध्यांनी अक्रोड टाळून आपला नेहमीचा आहार ठेवला. दाहाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. तपासलेल्या दहा खुणांपैकी सहा अक्रोड गटात जास्त खाली गेल्या होत्या, साडेतीन ते साडेअकरा टक्क्यांनी. दोन वर्षं, रोज मूठभर किंवा जास्त, आणि फरक एवढा. या प्रयोगाला कॅलिफोर्नियातल्या अक्रोड उत्पादकांच्या मंडळाचा पैसा होता, हेही इथेच सांगून ठेवते. तेवढ्यावरून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण नट्सवरच्या संशोधनात बागायतदारांचा पैसा इतक्या ठिकाणी असतो की वाचताना डोळे उघडे ठेवलेले बरे.

मग सगळे प्रयोग एकत्र केले तर? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ३२ प्रयोगांची गोळाबेरीज केली. सीआरपी आणि दाहाच्या इतर खुणांमध्ये ठामपणे बोट ठेवावं असा फरक निघाला नाही. उठून दिसली ती एकच गोष्ट, रक्तवाहिन्यांची लवचीकता. तिच्याकडे येतेच.

इथे बरेच लेख ‘म्हणजे नट्सचा काही उपयोग नाही’ असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ज्याचं तापमान ९८.४ आहे त्याला पॅरासिटॅमॉलची गोळी दिली तर त्याचं अंग ९५ वर जात नाही. गोळी निकामी आहे म्हणून नव्हे, उतरायला तापच नव्हता म्हणून. निरोगी माणसाचा सीआरपी ०.६ असेल तर तो खाली जाऊन जाऊन किती जाणार? आणि ०.६ चा ०.५ झाला तरी हे माप रोज इतकं हेलकावतं की तो फरक त्या गोंगाटात हरवून जातो.

ज्यांची धग आधीपासून वाढलेली असते त्यांची गोष्ट वेगळी. स्पेनमधला ‘प्रेडिमेड’ हा गाजलेला प्रयोग हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या सुमारे साडेसात हजार लोकांवर झाला. त्यातल्या एका गटाला भूमध्यसागरी आहाराच्या जोडीला रोज ३० ग्रॅम नट्स मिळत: अर्धे अक्रोड, उरलेले बदाम आणि हेझलनट. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू या तिन्हींची बेरीज त्या गटात सुमारे २८ टक्क्यांनी कमी भरली. २०१३ चा मूळ निबंध चिठ्ठ्या टाकण्यातल्या चुकांमुळे मागे घ्यावा लागला आणि २०१८ मध्ये नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला गेला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला. पण ही माणसं निरोगी नव्हती आणि त्यांच्या ताटात नट्सशिवाय बरंच काही बदललं होतं. पाकिटावरच्या जाहिरातीत या दोन्ही गोष्टी गायब असतात.

दंडाला पट्टा बांधून

आता त्या लवचीकतेकडे. ही तपासणी बघण्यासारखी असते. माणसाला आडवं झोपवतात, दंडातल्या धमनीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून तिची रुंदी मोजतात. मग हाताला बीपीचा पट्टा बांधून तो इतका फुगवतात की खाली रक्त जाणं थांबतं. पाच मिनिटं तसंच. हाताला मुंग्या येतात. पट्टा सोडला की अडलेलं रक्त धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं धावतं. त्या लोंढ्याचा घासटा लागताच धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतं आणि धमनी रुंदावते. किती टक्क्यांनी रुंदावली, यावरून अस्तर किती जागं आहे ते कळतं. धग लागलेलं अस्तर आळशी असतं.

नट्स खाणाऱ्यांची धमनी जास्त रुंदावते. त्या ३२ प्रयोगांच्या गोळाबेरजेत हा फरक सरासरी ०.७९ टक्के बिंदूंचा होता. ऐकायला किरकोळ, पण निरोगी तरुणाचीही धमनी मुळात साधारण पाच-दहा टक्केच रुंदावते, त्यात हा फरक नगण्य म्हणता येत नाही. म्हणजे धगीचा काटा हलला नाही, तरी धग ज्याला पोळते ते अस्तर मात्र सुधारलं.

कशामुळे? एक संशयित म्हणजे आर्जिनिन. नायट्रिक ऑक्साइड बनवायला शरीराला हे अमिनो आम्ल लागतं, आणि शेंगदाण्यात ते भरपूर असतं, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ ग्रॅम. दुसरं, नट्समधली चरबी बहुतांशी असंतृप्त असते. तिने वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. लोमा लिंडातच १९९३ मध्ये १८ निरोगी पुरुषांना चार आठवडे अक्रोडाचा आहार दिला, तेव्हा त्यांचं एकूण कोलेस्टेरॉल अक्रोडाविना घेतलेल्या आहारापेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास जास्त उतरलं होतं. मात्र दिवसाला ८० ग्रॅमच्या वर अक्रोड खाऊन, हेही लक्षात ठेवा. ‘काजूने कोलेस्टेरॉल वाढतं’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. वनस्पतिजन्य पदार्थात कोलेस्टेरॉल नसतंच. चेन्नईत डायबेटिस असलेल्या ३०० जणांवर झालेल्या प्रयोगात रोज ३० ग्रॅम काजू बारा आठवडे खाणाऱ्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं आणि वरचं बीपी थोडं उतरलं.

तिसरा भाग आतड्यातला, आणि मला सगळ्यात मजेदार वाटतो तो हाच. बदाम आपण कितीही चावला तरी त्याच्या सगळ्या पेशी फुटत नाहीत. न फुटलेल्या पेशींच्या भिंतीआड तेल तसंच अडकून राहतं आणि पुढे मोठ्या आतड्यात जातं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोजलं तेव्हा २८ ग्रॅम बदामातून शरीराला सुमारे १२९ कॅलरी मिळाल्या. नेहमीच्या सूत्राने त्या १७० च्या आसपास धरल्या जातात. उरलेलं तंतूंसह जंतूंच्या वाट्याला जातं. तंतू आंबवून हे जंतू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, जी आतड्याच्या अस्तराचं अन्न आहे आणि तिथला दाह आवरतात. अक्रोडातल्या टॅनिनपासून काही जंतू युरोलिथिन नावाची संयुगं बनवतात, त्यांचाही गुण दाहविरोधी. पण हे जंतू प्रत्येकाच्या पोटात नसतात. एकाच घरातल्या दोघांनी एकाच डब्यातले अक्रोड खाल्ले तरी दोघांना मिळणारा माल वेगळा असू शकतो.

ओमेगा-३ चा बोलबाला फार आहे, म्हणून दोन वाक्यं. काजू-बदामात ते जवळपास नसतं. अक्रोडात वनस्पतींचं ओमेगा-३ असतं, ३० ग्रॅममध्ये सुमारे पावणेतीन ग्रॅम, पण माशातल्या प्रकारात त्याचं रूपांतर फार थोडं होतं. तेच हवं असेल तर विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी अक्रोडापेक्षा कितीतरी स्वस्तात ते देते.

आणि ओमेगा-६ ची भीती? नट्समध्ये लिनोलेइक आम्ल असतं, त्यापासून शरीरात दाह भडकवणारी रसायनं बनू शकतात, म्हणून नट्स उलटे दाह वाढवतात, असा एक तर्क फिरत असतो. कागदावर तो बिनतोड दिसतो. निरोगी माणसांना जास्त लिनोलेइक आम्ल खायला घालून झालेले १५ प्रयोग २०१२ मध्ये एकत्र तपासले गेले. दाहाच्या खुणा वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. शरीर हे रूपांतर हात राखून करतं.

‘निरोगी’ कोण?

या अभ्यासांतली निरोगी माणसं बहुतेक अमेरिकेतली आणि स्पेनमधली. आपल्याकडे हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे वजनकाट्याच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक अंगकाठीत लपलेली ही चरबी भारतीयांमध्ये सर्रास आढळते.

ही चरबी धग पुरवते हे वर आलंच आहे. म्हणून शर्ट-पँटमध्ये सडसडीत दिसणारा, पण बसल्यावर पोटाची वळी पट्ट्यावर येणारा पस्तिशीचा माणूस अभ्यासाच्या भाषेत निरोगी असला, तरी त्याच्या चुलीत राखेखाली निखारा असू शकतो. अशा माणसाला नट्सचा उपयोग धट्ट्याकट्ट्या स्पॅनिश आजोबांपेक्षा जास्त होईल, असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

मात्र त्याने नट्स कशाच्या जागी खाल्ले यावर बरंच अवलंबून आहे. परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या त्या अमेरिकन अभ्यासात असंही दिसलं की आठवड्यातून तीन वेळा लाल मांस, अंडी किंवा मैद्यासारखी धान्यं यांच्या जागी नट्स घेतले तर दाहाच्या खुणा कमी असतात. आपल्याकडे संध्याकाळी पाचला ऑफिसात चहाबरोबर जो बिस्किटांचा पुडा किंवा फरसाणची वाटी येते, तिच्या जागी भाजलेले शेंगदाणे आले तर हिशेब बदलतो. फरसाण खाऊन झाल्यावर वर चार बदाम ‘दाहासाठी’ खाल्ले तर फक्त कॅलरी वाढतात. टोरंटोमध्ये १५ निरोगी माणसांवर झालेल्या २००६ च्या एका प्रयोगात ब्रेडबरोबर बदाम खाल्ल्यावर रक्तातली साखर कुस्करलेल्या बटाट्याच्या जेवणाइतकी उसळली नाही आणि प्रथिनांची रासायनिक झीजही कमी झाली. पोह्यांवर आपण सढळ हाताने दाणे घालतो ते चवीसाठी, पण चालू द्यावं.

डबा उघडताना

किती खायचे? बहुतेक अभ्यासांत २८ ते ३० ग्रॅम धरतात. बदाम असतील तर बावीस-तेवीस, अक्रोड सात, काजू सोळा-सतरा, शेंगदाणे एक लहानशी मूठ. सगळं एका दिवसात नव्हे, यापैकी काहीतरी एक. शेंगदाण्यावर भागत असेल तर बदामासाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. साबुदाण्याच्या खिचडीतलं कूट, कोशिंबिरीतलं कूट, सोलापुरी शेंगाचटणी, हे सगळं या हिशेबात धरायला हरकत नाही. खिचडीतला साबुदाणा आणि तूप मात्र वेगळ्या खात्यात.

बदाम भिजवून सोलायची आपल्याकडे पद्धत आहे. चव मऊ लागते, दात नसलेल्यांना सोपं जातं, पण पॉलिफेनॉल, म्हणजे दाहविरोधी समजली जाणारी वनस्पतींमधली संयुगं, प्रामुख्याने त्या तपकिरी सालीत असतात, जी आपण सिंकमध्ये टाकतो. शेंगदाण्याच्या लाल सालीचंही तेच. कूट करताना ती पाखडून उडवायची सवय मोडणं अवघड आहे, माझी मोडलेली नाही. खारवलेले, मधात घोळवलेले आणि तळलेले नट्स घेतले तर मीठ-साखरेचा हिशेब स्वतंत्र.

ज्यांना नट्सची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हा सगळा लेख गैरलागू. त्यांच्या शरीरात एक दाणाही आग लावतो, तीही जीवघेणी. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ सुजतात त्यांनी काजूची ओली बी हाताळताना जपावं, कारण आंबा, काजू, पिस्ता आणि बिब्बा हे एकाच कुळातले. बिब्ब्याच्या टरफलातलं तेल अंगावर उततं, धोबी त्यानेच कपड्यांवर खुणा करत, आणि त्याच बिब्ब्याच्या आतली गोडंबी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते. काढणाऱ्याचा हात मात्र सरावाचा लागतो.

राहता राहिली साठवण. तेलकट बिया हवेने आणि उन्हाने खवट होतात, त्यामुळे अक्रोड फ्रिजमध्ये आणि दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात. पावसाळ्यात दमट पोत्यातल्या शेंगदाण्यावर बुरशी धरते. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक आहे, आणि भाजून ते पूर्ण जात नाही. आजी दाणे परतायच्या आधी सुपात घेऊन सुरकुतलेले, काळपट, हिरवट दाणे निवडून बाहेर काढायची आणि ते कोंबड्यांनाही घालायची नाही. त्यातूनही एखादा कडू दाणा तोंडात आला तर तो गिळायचा नाही, थुंकून चूळ भरायची.